यादीतला ‘लूम’ आणि परीक्षेतला ‘लूम’

महोदय,

सोलापुरात कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकली की कंपन्यांच्या इंग्रजी चाचण्यांसाठी पोरांची धावपळ सुरू होते आणि माझ्याकडे एकच माल खपतो, तीन हजार इंग्रजी शब्दांची यादी. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. पाठपोट साठ पानं, वर स्पायरल. मूळ प्रत कुणाची, कुणालाच ठाऊक नाही. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत काही अक्षरं उडाली आहेत, पोरं तीही तशीच पाठ करतात.

परवा पूर्व भागातली एक मुलगी सरावाची प्रश्नपत्रिका घेऊन आली. वडील यंत्रमागावर, घरात तेलुगू, शाळा मराठी. उताऱ्यात वाक्य होतं, ‘अ क्रायसिस लूम्ड ओव्हर द टाउन.’ तिने अर्थ लावला, गावातल्या मागांवर संकट आलं. म्हणाली, “काका, लूम म्हणजे माग. हे मला यादीत बघावं लागत नाही.” बरोबरच आहे, मागाची खटखट ऐकतच ती लहानाची मोठी झाली. पण इथलं ‘लूम’ क्रियापद होतं. संकट गावावर घोंगावत होतं, मागाशी त्याचा संबंध नव्हता. उत्तर चुकलं. आता सोलापूरपुरतं बोलायचं तर तिचा अर्थ काही खोटा नव्हता; पण पेपर काढणाऱ्याला सोलापूर कुठून ठाऊक असणार! दुसऱ्या एकाने ‘सब्जेक्ट टू चेंज’ म्हणजे ‘विषय बदलणे’ असं लिहिलं; खरा अर्थ ‘यात बदल होऊ शकतो’. यादीत सब्जेक्ट म्हणजे विषय, चेंज म्हणजे बदल. त्याचे दोन्ही शब्द चोख पाठ होते.

झेरॉक्सला येईल ते वाचायची मला खोड आहे. (मीही इंग्रजी घेऊनच बीए झालो, पुढे काय झालं ते सोडा.) एका प्राध्यापिकाबाईंच्या कागदांत न्यूझीलंडचे भाषाअभ्यासक पॉल नेशन यांचा २००६ सालचा हिशेब होता. कुणाच्या मदतीशिवाय इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं, मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत असं धरायचं, तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं यावी लागतात. डेव्हलप, डेव्हलप्ड, डेव्हलपमेंट हे सगळं मिळून एक कुटुंब.

९८ टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. मी आपल्याच अंकातल्या अग्रलेखाच्या दोन प्रती काढल्या. एकीत दर पन्नासावा शब्द व्हाइटनरने पुसला, दुसरीत दर दहावा. दुकानात थांबलेल्या पोरांना वाचायला दिल्या. पहिली प्रत सरळ वाचून झाली. दुसरीवर तिसऱ्या वाक्यालाच एक जण म्हणाला, “काय बे हे, डोकं फिरतंय!” आणि ते मराठी होतं.

शब्दसंग्रह मोठा असलेल्यांना इंग्रजी वाचनाच्या परीक्षेत गुणही जास्त पडतात, हे अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. त्यावरून आमच्याकडे निष्कर्ष काढतात, यादी घोका. पण तो संग्रह बहुतेकांचा वर्षानुवर्षांच्या वाचनातून साठलेला असतो, महिन्याभराच्या पाठांतरातून नव्हे. परदेशी जाणारे देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचनाच्या पेपरात ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात, शब्दार्थांचा वेगळा विभाग नसतो. अर्थ उताऱ्यातूनच पकडावा लागतो.

नेशन यांनीच १९८३ मध्ये शब्दांच्या पातळ्या मोजणारी चाचणी मांडली. ती अगदी नेहमीच्या दोन हजार शब्दांपासून वर चढत जाते. आपल्या कॉलेजांनी अशी चाचणी प्रथम वर्षाला, प्रवेश झाल्या झाल्या घ्यावी. शेवटच्या वर्षी कंपनी दारात आल्यावर कळून काय उपयोग? माझ्याकडच्या यादीचं पहिलं पान ‘अबेट’, ‘अबेयन्स’ अशा क्वचित भेटणाऱ्या शब्दांनी भरलं आहे आणि पोरगा अडतो नेहमीच्या ‘अकाउंट फॉर’वर. ज्याचे पहिले दोन हजारच डळमळीत आहेत, त्याला सोप्या इंग्रजीतल्या गोष्टी वाचायला द्याव्यात, आठवड्याला दोन तास का होईना. एका कॉलेजात अशी पुस्तकं कपाटात आहेत, किल्ली मात्र रजेवर गेलेल्या शिपायाकडे, असं पोरंच सांगतात.

हे लिहून मी माझ्याच धंद्यावर धोंडा पाडून घेतोय, कल्पना आहे. यादीच्या चाळीस प्रती आजही काढून ठेवल्या आहेत. सहा वाजता तास सुटला की न्यायला येतील.

– एक झेरॉक्स दुकानदार, सोलापूर