न जोडलेली बॅटरी आणि मुका अलार्म

दिनांक: २ मार्च २०२१
प्लेनो, टेक्सस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑक्टोबर २०२०मध्ये घेतलेल्या जुन्या मोटरहोममधील (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीतील) बॅटरी व कार्बन मोनॉक्साइड अलार्मबाबत तक्रार

महोदय,

पत्र मराठीत लिहितोय, कारण गाडी विकताना तुमचे विक्री प्रतिनिधी माझ्याशी मराठीतच बोलले होते. "दादा, वीज गेली तरी काळजी नको, हीटर गॅसवर चालतो," हे त्यांचं वाक्य. आता हे पत्रही त्यांनीच तुम्हाला वाचून दाखवावं.

१५ फेब्रुवारीला पहाटे, टेक्ससभर कडाक्याची थंडी पडलेली असताना, आमची वीज गेली. आळीपाळीनं बंद ठेवणार म्हणून सांगितलं होतं, आमची पाळी तिसऱ्या दिवशी संपली. राज्यभर लाखो घरांचं हेच झालं, त्याचा दोष तुम्हाला देत नाही. आमच्या घरात चुलीपासून हीटरपर्यंत सगळं विजेवर. संध्याकाळी दिवाणखान्यात ७ अंश झाले, तेव्हा आम्ही पाच जण अंगणातल्या मोटरहोममध्ये गेलो. त्यात ७४ वर्षांची माझी आई. कोरोनामुळे वर्षभर तिला साताऱ्याला परत जाता आलेलं नाही.

रात्री नऊला हीटर लावला. दोन तास स्वर्ग होता. साडेबाराच्या सुमारास आई म्हणाली, "अरे, हे तर गार वारं सोडतंय." जाळीपुढे हात धरला तर खरंच गार! पंखा रडत-कुंथत फिरत होता आणि ज्योत पेटतच नव्हती. सिलिंडर भरलेला होता. पण हीटर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आणि पंख्याचा पुरेसा झोत नसेल तर सुरक्षेसाठी गॅस पेटतच नाही, हे त्या रात्री मला कळलं. विकणाऱ्याला ते आधीपासून माहीत असायला हवं. बाहेर पहाटेपर्यंत उणे १९ झालं.

म्हटलं, जनरेटर लावू. तर त्याचा स्टार्टरही त्याच बॅटरीवर. बॅटरी उतरली म्हणून जनरेटर नाही, आणि जनरेटर नाही म्हणून बॅटरी भरत नाही! तोंडात टॉर्च धरून मॅन्युअल चाळलं, तेव्हा गाडीच्या इंजिनाची बॅटरी मदतीला घ्यायचं बटण स्टिअरिंगच्या डाव्या हाताला सापडलं. गाडी ताब्यात देताना तुमच्या माणसानं चाळीस मिनिटं टीव्ही आणि दाराबाहेर उघडणारं कापडी छत दाखवलं, हे बटण नाही दाखवलं.

जनरेटर सुरू झाला. धूर आत यायला नको म्हणून आधी कार्बन मोनॉक्साइड (धुरातला विषारी, वास नसलेला वायू) अलार्मचं चाचणीचं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. अलार्म काढून पाहिला, तर मागे छापलेलं: उत्पादन २०१३, सात वर्षांनी बदला. तुमच्या तपासणी पत्रकात मात्र याच ओळीपुढे बरोबरची खूण आहे. त्याच आठवड्यात टेक्ससमध्ये बंद घरात गाड्या आणि जनरेटर चालवून माणसं गुदमरून गेली. मी सगळ्यांना पुन्हा ७ अंशांच्या घरात बसवलं आणि रात्रभर गाडी रिकामी ठेवून तासतासभर जनरेटर चालवला. आई गोधडीत बसून "जाऊ दे रे, सकाळ होईल" म्हणत होती.

उजाडल्यावर पायरीखालचा खण उघडला. तुमच्या बिलात दोन बॅटऱ्या आहेत, आणि खणातही दोन होत्या. पण दुसरीच्या टोकांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या जशाच्या तशा होत्या. जोडणारी तार बाजूला गुंडाळून ठेवलेली. दहा मिनिटांचं काम, चार महिने कुणी केलेलं नाही. दोन्ही जोडलेल्या असत्या तर सकाळपर्यंत निभावलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण साडेबाराला हीटर बंद पडला नसता.

फोनवर तुमच्याकडून उत्तर आलं की "थंडीनं झालेलं नुकसान हमीत बसत नाही." गाडीचे पाण्याचे पाईप गोठून फुटले, ते मी मागतच नाही. त्यात गोठणरोधक भरायचं मी विसरलो, ती चूक माझी. माझी तक्रार थंडीआधीच्या गोष्टींची आहे.

मागणी अशी: दुसऱ्या बॅटरीचे पैसे परत करावेत, कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीचे दोन्ही अलार्म नवे बसवून द्यावेत, आणि तपासणी पत्रकावर सही कुणाची आहे ते लेखी कळवावं. त्या महिन्यात गाड्या घेतलेल्या बाकीच्या ग्राहकांना फोन करून अलार्मची तारीख पाहायला सांगावं, हे तर आजच करा. इतर गोष्टींसाठी पंधरा दिवस थांबतो. नंतर राज्याच्या ग्राहक तक्रार विभागाकडे जाईन.

बिल, तपासणी पत्रक आणि टोप्यांसकट बॅटरीचे फोटो सोबत जोडले आहेत. अलार्म माझ्याकडे आहे. पाहायला मिळेल, परत मिळणार नाही.

आपला,
एक ग्राहक
(करार क्रमांक बिलावर आहे)