सुधारणेच्या पत्रातला रिकामा रकाना

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च संपत आला की चाकण, भोसरी, रांजणगाव परिसरातल्या कारखान्यांत वार्षिक मूल्यमापनाची पत्रके भरली जातात आणि त्यांच्या पाठोपाठ कर्मचाऱ्यांची कामगिरी, सहभाग आणि टिकाव वाढवण्याचा कृती आराखडा तयार होतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या कार्मिक विभागात मी ३१ वर्षे नोकरी केली आणि असे आराखडे दरवर्षी लिहिले. ‘हल्लीची मुले टिकत नाहीत, त्यांना कामाची आस्था नाही’ ही उद्योजकांची तक्रार आता वरचेवर कानावर येते. त्या तक्रारीला माझ्यासारख्यांनी लिहिलेले आराखडे बऱ्याच अंशी जबाबदार आहेत, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे आणि ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापून-दाबून भाग बनवण्याच्या विभागात, मराठवाड्यातून आलेला, आयटीआय झालेला एक तरुण ऑपरेटर होता. दुसऱ्या पाळीत त्याच्या मशिनवरचे रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नाकारल्या जाणाऱ्या नगांचे प्रमाण, सतत जास्त येत असे. शिरस्त्याप्रमाणे त्याला कामगिरी सुधारणेचे पत्र दिले गेले आणि तीन महिन्यांत रिजेक्शन निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. त्या पत्राच्या नमुन्यात दोन रकाने होते. ‘कर्मचाऱ्याकडून अपेक्षित सुधारणा’ या रकान्यात मी आकडा लिहिला; ‘कंपनीने करावयाचे साहाय्य’ या रकान्यात आडवी रेघ ओढली आणि सही केली. दीड महिन्याने, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, तो कामावर आला नाही. त्याच्या जागी आलेल्या मुलाचेही रिजेक्शन तितकेच निघू लागले, तेव्हा देखभाल विभागातल्या एका जुन्या फिटरने मला मशिनपाशी नेऊन वर बोट दाखवले. प्रेसवरचा दिवा कित्येक महिने बंद होता. दिवसा शेजारच्या खिडकीतून उजेड येई. संध्याकाळनंतर मात्र पत्र्याच्या कडेची बर, म्हणजे कापल्यावर उरणारी धारदार कोर, डोळ्यांना दिसत नसे, ती बोटाने चाचपावी लागे, आणि हातमोजे घातल्यावर तेही जमत नसे. त्या मुलाने सुपरवायझरला हे दोनदा सांगितले होते, सुपरवायझरने देखभाल विभागाला तोंडी कळवले होते आणि कोणीही ते कागदावर घेतले नव्हते. मी ओढलेल्या त्या रेघेच्या जागी ‘दिवा बदलणे’ एवढे दोन शब्द असते, तर एक चांगला कारागीर आम्ही गमावला नसता. ही चूक माझी होती आणि ती मला आजही बोचते.

कामगिरी सुधारणेचे पत्र हे पुष्कळ ठिकाणी माणूस काढण्याच्या आधीची कागदोपत्री तयारी झाले आहे, हे त्या क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो. पत्र हातात पडताच कामगार दुसरीकडे अर्ज टाकू लागतो, मग त्यात सुधारणेची भाषा कितीही गोड असो. हे पत्र खऱ्या अर्थाने सुधारणेचे व्हायचे असेल, तर त्यातला दुसरा रकाना पहिल्याच्या आधी भरला गेला पाहिजे: मशीन, डाय (साचा), गेज (मापक), उजेड, प्रशिक्षण आणि पाळीची रचना यांपैकी काय तपासले, कोणी तपासले आणि दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होणार.

माणसांना विचारल्याशिवाय कारण कळत नाही, ही काही नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ साली कामाच्या जागेच्या उजेडापासूनच प्रयोगांना सुरुवात झाली आणि पुढे तिथे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. आरंभी मुलाखतकार ठरावीक प्रश्न विचारत. कामगार त्या प्रश्नांपासून दूर जाऊन स्वतःला महत्त्वाचे वाटेल ते बोलतात असे दिसल्यावर पद्धत बदलून त्यांना मोकळेपणाने बोलू दिले गेले. आपल्याकडची सर्वेक्षणे मात्र अजून ठरावीक प्रश्नांपाशीच आहेत. ती निनावी म्हणवतात, पण त्यांत विभाग, वय आणि सेवेची वर्षे भरावी लागतात; सहा जणांच्या विभागात एवढ्यावरून माणूस सहज ओळखू येतो. मग सगळे जण पाचपैकी चार गुण देऊन मोकळे होतात, सरासरी छान येते आणि आराखड्यात सहल, क्रिकेटचे सामने आणि महिन्याचा उत्तम कर्मचारी यांची भर पडते. सहलीला माझा विरोध नाही; पण ज्याला साप्ताहिक सुटी वेळेवर मिळत नाही, त्याच्यापुढे सहलीचे पत्रक ठेवणे बरे दिसत नाही.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे सुपरवायझर. हाताने उत्तम काम करणाऱ्या ऑपरेटरला आपण बढती देतो आणि पंचवीस-तीस माणसे त्याच्या हवाली करतो. रजा कशी नाकारावी, चारचौघांत न बोलता चूक कशी दाखवावी, नव्या मुलाला पहिल्या दिवशी कोणापाशी उभे करावे, हे त्याला कोणी शिकवत नाही. वरून उत्पादनाचा तगादा आणि खालून तक्रारी, अशा कात्रीत तो दिवस काढतो. आराखडा व्यवस्थापकांच्या बैठकीत ठरतो आणि सुपरवायझरला तो सूचनाफलकावर वाचायला मिळतो. कामगार नोकरी सोडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात कंपनीचे धोरण नसते, सुपरवायझरचा कालचा शब्द असतो. म्हणून आराखड्यासाठी ठेवलेल्या पैशाचा मोठा वाटा सुपरवायझरच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा आणि आठवड्यातून प्रत्येक माणसाशी दहा मिनिटे बोलण्याइतका वेळ त्याच्या कामाच्या तासांतच धरला जावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

वर्षभराचा गळतीचा एकच आकडा काढून काही उमगत नाही. आम्ही एका वर्षी सोडून गेलेल्यांची यादी पाळीनुसार आणि सेवेच्या दिवसांनुसार लावली, तेव्हा निम्म्याहून अधिक जण पहिल्या ९० दिवसांतले आणि त्यातही दुसऱ्या पाळीतले निघाले. चौकशी केल्यावर कारण बसचे निघाले. पाळी रात्री बारा वाजता सुटे आणि बस बारा-दहाला निघे. नव्या मुलांना मशीन पुसून पुढच्या पाळीच्या ताब्यात द्यायला वेळ लागे, बस निघून जाई आणि ती मुले महामार्गापर्यंत चालत जाऊन मिळेल त्या टेम्पोने खोलीवर पोहोचत. बस पंधरा मिनिटे उशिरा सोडण्यासाठी वेगळा खर्च आला नाही. गळती पूर्ण थांबली असे मी म्हणणार नाही, पण त्या पाळीतली नक्की कमी झाली. निरोपाच्या मुलाखतीत हे कधीच कळले नसते, कारण जाणारा माणूस ‘घरगुती अडचण’ असे लिहून हिशेब घेतो. विचारायचे ते कामावर असलेल्यांना आणि तेही पहिल्या महिन्यात.

दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. शेजारच्या कारखान्यात त्याच कामाला ठळकपणे जास्त पगार मिळत असेल, तर कोणताही सहभागाचा उपक्रम माणूस धरून ठेवू शकत नाही, आणि ते मान्य करण्यात व्यवस्थापनाला कमीपणा वाटू नये. दुसरे असे की कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच लाइनवर खांद्याला खांदा लावून उभे असताना, सर्वेक्षण आणि आराखडा फक्त कायम कामगारांचा असतो. ज्यांची गळती सर्वांत जास्त, त्यांचीच नोंद नाही, असा हा प्रकार आहे.

कायद्याने यासाठी व्यासपीठ दिलेले आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची कार्य समिती नेमण्याची तरतूद केली होती आणि वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समितीही पुढे आली. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही या दोन्ही समित्या आहेत. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कारखान्यांत त्यांच्या बैठकांची इतिवृत्ते तपासणीच्या आदल्या दिवशी लिहिली जात. कृती आराखडा कार्य समितीतच ठरावा, एका तिमाहीत दोनच कामे घ्यावीत, प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव, तारीख आणि मंजूर रक्कम सूचनाफलकावर लिहावी, आणि जे करता येणार नाही ते का करता येणार नाही हेही त्याच फलकावर मराठीत आणि हिंदीत लावावे. नकारही कारणासह कळला तर कामगार तो समजून घेतो. उत्तरच न येणे त्याला सहन होत नाही.

आपल्या दैनिकामार्फत औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजक संघटनांना माझी विनंती आहे की यंदाचे आराखडे लिहिण्यापूर्वी प्रत्येक सभासद कारखान्याने गेल्या दिवाळीनंतर रुजू झालेल्या आणि आज हजेरीपटावर नसलेल्या माणसांची यादी, कंत्राटी कामगारांसह, काढावी आणि त्यांपैकी निदान दहा जणांना फोन करून विचारावे. हे फोन कार्मिक विभागाऐवजी कारखान्याच्या प्रमुखाने स्वतः करावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, चिंचवड