बाबा, त्या १४०वाल्यांशी भांडू नका

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

काल वहिनीचा फोन आला होता. म्हणाली बाबा अख्खी दुपार लोनवाल्याशी भांडत होते, आधी मराठीत, मग हिंदीत, मग आपल्या खास इंदुरी हिंदीत, आणि मग डोकं धरून बसले. अहो बाबा, तो पगारी पोरगा आहे, दिवसभर शिव्या खायचीच त्याची नोकरी, तुमच्या शिव्यांनी त्याला काय होणार, बीपी वाढतं ते तुमचंच. आणि आई, तू त्या इन्शुरन्सवालीला "जेवलीस का गं" विचारतेस म्हणे! मग ती रोज तुलाच फोन करणार ना.

तर आधी हे करा. नवीन मेसेजमध्ये इंग्रजीत स्टार्ट लिहायचं, एक जागा सोडून शून्य, आणि १९०९ वर पाठवायचं. जाहिरातीचे कॉल-मेसेज बंद करायची ही सोय आहे, बँकेचे ओटीपी येत राहतात, त्याची काळजी नको. १४० ने सुरू होणारा नंबर दिसला की तो काहीतरी विकणारा, उचलायचाच नाही. बँकवाल्यांना कामाच्या कॉलसाठी १६०० चे नंबर दिलेत. साध्या मोबाइल नंबरवरून कोणी लोन विकायला लागला तर दादाला सांगा, तो ट्रायच्या (फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) डीएनडी ॲपवर तक्रार टाकेल, पण सात दिवसांच्या आत टाकावी लागते म्हणून लगेच सांगा, तुमच्यासारखं महिन्याभराने नाही. आणि कोणी पोलीस, सीबीआय असं सांगून घाबरवायला लागला तर भांडण पण नको नि गप्पा पण नको, सरळ फोन ठेवायचा. चुकून पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

आता इकडची, इंदूरची गंमत ऐका. आपल्या रामबागेतला नळाचा तमाशा तुम्हाला माहितीच आहे, नर्मदा तिकडे जलूदहून सत्तर किलोमीटर चढून येते, ती पण एक दिवसाआड, आणि शेवटच्या वीस फुटांत समोरच्यांचा टुल्लू पंप तिला ओढून नेतो, आपल्या नळाला नुसती सूं सूं हवा. बाबा असते तर त्यांचं गेट वाजवून झालं असतं (आणि पाणी तरीही आलं नसतं, खरं सांगा!). कोपऱ्यावरच्या काकूंनी काय केलं, नळाच्या दिवशी सकाळी दोन रिकाम्या बादल्या घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभ्या. भांडण नाही, आवाज नाही. "आमच्याकडे येत नाहीये हो, तुमच्याकडून भरून द्याल का." पुढच्या पाळीला परत तेच, त्याच बादल्या, तेच गोड हसू, मग सोबत आम्ही अजून दोघी-तिघी गेलो. शेवटी तो माणूसच वैतागून म्हणाला की पहिला अर्धा तास मी मोटर लावत नाही, तुम्ही भरून घ्या. आता हौद भरतोय आपला.

आणि बाबा, तुमची ती "येथे कचरा टाकू नये"ची पाटी आठवते का, स्वतः रंगवलेली? लोक नेमके तिच्याच खाली पिशव्या ठेवून जायचे. पाटीने काही झालं नाही, रोज दारात गाडी यायला लागली आणि वर दंड बसायला लागला तेव्हा कुठे उकिरडा गेला. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर लागायला लागल्यावर तर लोकांना चढलंच, आता सराफ्याच्या खाऊगल्लीत कोणी द्रोण खाली टाकला तर बाजूला उभा राहून खाणाराच टोकतो, दुकानदाराला बोलावंच लागत नाही.

पण हीच माणसं सिग्नलला टायमरवर चाळीस सेकंद दिसत असताना मागून पीं पीं करतात, हे मात्र मला कळत नाही. विनाकारण हॉर्न वाजवला तर हजार रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा दोन हजार, पण तो भरताना मी तरी कोणाला पाहिलं नाही. परवा पलासियाच्या सिग्नलला माझ्या पुढच्या ॲक्टिवावाले आजोबा शांतपणे मागे वळले आणि हॉर्नवाल्याला म्हणाले, "भिया, ऊपर से निकल लो." आजूबाजूचे सगळे हसले, तो पोरगा पण हसला आणि हॉर्न बंद. बाबा, तुम्हाला जमेल हे, जीभ आहेच तशी, फक्त आवाज थोडा खाली.

लग्नाच्या डीजेचं मात्र काही खरं नाही, रात्री दहानंतर बंद करायचा नियम आहे आणि ११२ ला फोन केला तर कधी बंद होतो, कधी होत नाही. मी कापसाचे बोळे घालून झोपते.

दादाचा मित्र रविवारी येतोय, त्याच्याबरोबर लौंगवाली सेव नि जीरावन मसाला पाठवते. बाबांना सेव थोडीच द्या. आणि आई, तुझा नंबर वेगळा आहे तेव्हा १९०९ चा मेसेज तुझ्या फोनवरून पण वेगळा करायचा, त्या इन्शुरन्सवालीचा कितीही जीव लागला असला तरी.

तुमची,
छोटी