गावांना समेटासाठी बसू द्या: गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

१५ ऑगस्ट २००७ रोजी आपल्या खात्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाच्या, वाटणीच्या, पाण्याच्या पाळीच्या भांडणांत तिचा उपयोग झाला. वर्षानुवर्षं तारखा खाणाऱ्या भावकीतल्या दाव्यांना समितीपुढे वाट मिळाली, हे आम्ही गावकऱ्यांनी पाहिलं आहे. ती मोहीम गुंडाळा, असं सांगायला मी लिहीत नाही. आज मराठवाड्यात जे काम समोर आलं आहे ते तिच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि ते पेलण्यासाठी तिची नव्याने घडी बसवावी लागेल, एवढ्यासाठी लिहिते आहे.

काम कोणतं, ते आपल्याला ठाऊक आहे. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. त्याच आंदोलनाच्या काळात ३० ऑक्टोबरला बीड आणि माजलगावात लोकप्रतिनिधींची घरं पेटवली गेली. २०२४ च्या लोकसभा निकालानंतर अमक्या जातीच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, अशा शपथा घेतल्याच्या बातम्या बीड जिल्ह्यातून आल्या. डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्याच महिन्यात संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेवरून परभणी पेटली. २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढली गेली, अनेकांचे शस्त्रपरवाने रद्द झाले. पट्टीवरून आडनाव काढण्याचा निर्णय मला पटतो. पण दुकानाच्या पाटीवरचं, गाडीच्या काचेवरचं, शाळेच्या हजेरीपटावरचं आडनाव तिथेच आहे, आणि लोक आता आधी तेच वाचतात.

गुन्ह्यांचा तपास पोलीस करतील, निकाल कोर्ट देईल. ते व्हायलाच हवं आणि लवकर व्हायला हवं. पण निकालाने गावाचं दळण पुन्हा त्याच गिरणीत जात नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दूध जात होतं तिथे ते जाणं थांबलं, सप्ताहाच्या पंगतीत दोन वस्त्यांची माणसं आता वेगवेगळ्या वेळी येतात, ऊसतोडीची उचल देताना मुकादम पूर्वी न विचारलेल्या गोष्टी विचारतो. यावर एफआयआर होत नाही. आणि आपल्या यंत्रणेकडे याच्यासाठी जे आहे ती म्हणजे शांतता समितीची बैठक. ती गणपती, ईद, जयंतीच्या आधी भरते. ठरलेली माणसं येतात, मिरवणुकीचा मार्ग आणि डीजेची वेळ ठरते, फोटो निघतो. तेही लागतंच. पण दंगल झाल्यावर, घर जळाल्यावर, बहिष्कार पडल्यावर दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसवणारी बैठक कोणत्याच शासन निर्णयात नाही.

जगात ज्यांनी हे काम याहून कितीतरी भीषण प्रसंगात केलं, त्यांच्याकडे पाहिलं पाहिजे. पूर्व तिमोर हा छोटा देश चोवीस वर्षं इंडोनेशियाच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९९९ मध्ये तिथल्या लोकांनी सार्वमतात स्वातंत्र्य मागितलं, आणि इंडोनेशियाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. त्या टोळ्यांत गावातलीच पोरं होती. नंतर त्यांना घरी परतायचं होतं, आणि ज्यांची घरं त्यांनी जाळली ते लोक तिथेच राहत होते. तिथल्या सत्य आणि समेट आयोगाने २००२ पासून एक पद्धत बसवली. परतणाऱ्याने आपण काय केलं ते लेखी द्यायचं. तो कागद आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात जायचा. त्यात खून, बलात्कार, छळ असं काही दिसलं तर प्रकरण तिथूनच कोर्टाच्या वाटेला लागायचं, गावाचा त्याच्याशी संबंध उरायचा नाही. जाळपोळ, लूट, मारहाण एवढंच असेल तर गावात चटई अंथरून सुनावणी व्हायची. जुन्या रिवाजात तंटे मिटवायला तशीच चटई अंथरत. ज्याचं घर जळालं तो प्रश्न विचारायचा, आणि करणाऱ्याला त्याच्या तोंडावर उत्तर द्यावं लागायचं. मग काय भरून द्यायचं ते ठरायचं: घर बांधायला हात लावणं, गावासाठी काम, जाहीर माफी. हा करार जिल्हा न्यायालयात नोंदवला जायचा, म्हणजे त्याला कायद्याचं बळ असायचं. तेराशेहून अधिक माणसं या वाटेने गावात परत आली.

त्या पद्धतीचा कमकुवतपणाही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांनी हुकूम दिले ते बहुतेक सीमेपलीकडे सुखरूप राहिले. गावातल्या पोराने चटईवर बसून मान खाली घातली, मोठे मात्र सुटले, ही सल तिथे राहिली. आपल्याकडेही भाषणं करणारे एक असतात आणि गुन्हे अंगावर घेणारी वीस-बावीस वर्षांची लेकरं दुसरी असतात. समेटाचा सगळा भार त्या लेकरांवर टाकाल तर तो टिकणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

खून आणि छळ बाजूला काढण्याची ती पहिली पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्या तंटामुक्तीत नेमकी तिथेच धास्ती आहे. गावाला बक्षीस हवं असतं, कमानीवर नाव हवं असतं, मग मार खाल्लेल्या दलित घराला किंवा नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला सांगितलं जातं, तक्रार मागे घे, गावाची बदनामी होते. याला समेट म्हणू नका. ॲट्रॉसिटीचा गुन्हा, बाईवरचा अत्याचार, खून यांना गावाच्या बैठकीत हात लावता येणार नाही, हे आपण शासन निर्णयात ठळक लिहा. आणि तक्रारी कमी दिसल्या म्हणून कुठल्याही गावाला एक रुपया देऊ नका.

दुसरं उदाहरण आमच्या बीडला अधिक जवळचं आहे. केनियाच्या वजीर जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि निवडणूक यांच्या पाठोपाठ सोमाली कुळांमध्ये सशस्त्र लढाया पेटल्या. चराई, पाणी, गुरं, त्यात राजकारण. कारणं ओळखीची वाटतील. एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईकडून बाजारात काही घेईना. १९९३ मध्ये देखा इब्राहिम अब्दी आणि इतर बायका एकत्र आल्या आणि त्यांनी सुरुवात केली ती बाजारापासून. कोणत्याही कुळाच्या बाईला बाजारात विकता आणि घेता आलं पाहिजे, एवढंच पहिलं काम. बाजार उघडल्यावर मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, तरुणांकडे गेल्या, प्रशासनाकडे गेल्या. पुढे त्यांची समिती जिल्हा प्रशासनाचा भाग झाली आणि केनियात इतरत्र अशाच समित्या उभ्या राहिल्या. आठवडी बाजार आमच्याकडे गावोगाव भरतो, भाजीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. बहिष्कार मोडायचा असेल तर तो तिथेच मोडेल. बचत गटांतल्या बायकांना समितीत नावापुरतं घेऊ नका, निम्म्या जागा त्यांच्या असू द्या.

आता अवघड विषय. दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, आणि तो अभिमानाने करावा असाच दिवस आहे. निजामाच्या राजवटीच्या पाठीशी असलेल्या रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. हजारोंनी निजामाची हद्द ओलांडून सरहद्दीवरच्या गावांत आसरा घेतला. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध लढले, आणि ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहितो म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारला गेला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याची ‘पोलीस कारवाई’ सुरू झाली आणि पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं, ते मात्र आपण बोलत नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये गावोगाव फिरून अहवाल दिला. हैदराबाद संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून माणसं वाचवली, हेही त्याच अहवालात आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही.

आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर, २००५ ते २०१२ या काळात, गावपातळीवरच्या गचाचा न्यायालयांनी १९ लाखांच्या आसपास प्रकरणं ऐकली, पण विजयी सैन्याने केलेल्या हत्यांचा विषय तिथे कोणाला काढता आला नाही. निम्म्या मयतांचं दुःख बोलायचं आणि निम्म्यांचं नाही, अशी बैठक अर्धीच राहते. आमच्या भागात रझाकाराच्या गोष्टी आज्यांनी सांगितल्या, आणि दुसऱ्या गल्लीतल्या आज्यांनी दुसऱ्या गोष्टी सांगितल्या, दार लावून. १९७८ चंही तेच. २७ जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, कमानीवर बाबासाहेबांचं नाव आलं. ज्या गावांत घरं जळाली, तिथे जाळणाऱ्यांची आणि जळालेल्यांची नातवंडं आज एकाच बसने कॉलेजला जातात. त्यांना बसवून कोणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही.

राज्यात पोलिसांनी असं काम केल्याचा दाखलाही आहे. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, रिक्षावाले, यंत्रमागवाले, एका टेबलाला महिन्यामागून महिने बसली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या सण आला म्हणून भरत नव्हत्या.

म्हणून माझी मागणी अशी आहे. बीड, जालना, परभणी, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांतून प्रत्येकी एक तालुका निवडा आणि तिथे दोन वर्षं ही बैठक चालवून पाहा. कोणत्या गावाला बसायचं आहे ते ग्रामसभेने ठरवावं, तहसीलदाराने नव्हे. पंच गावाबाहेरचा आणि दोन्ही बाजूंना मान्य असावा. निम्म्या जागा बायकांच्या. गंभीर गुन्ह्यांची छाननी आधी सरकारी वकिलांकडून व्हावी. ज्याचं नुकसान झालं त्याला नको असेल तर बैठक होणार नाही, आणि त्याने नाही म्हटलं म्हणून त्याला कोणी त्रास दिला तर तो स्वतंत्र गुन्हा समजावा. तडजोडपात्र प्रकरणांतले करार लोकअदालतीपुढे नोंदवले जावेत. आमदार, खासदार आणि त्यांच्या घरची माणसं पंच नसावीत, पण ज्यांच्या भाषणांनी आग लागली त्यांना गावाने बोलावलं तर त्यांनी यावं, हे आपण आपल्या पक्षापासून सुरू करून सर्व पक्षांना सांगावं. आणि सुंदरलाल अहवाल मराठीत छापून मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात रझाकारांच्या अत्याचारांच्या नोंदींशेजारी ठेवावा.

पैसा फार लागणार नाही. बक्षिसाच्या रकमा ठेवल्या होत्या, त्यातून पंचांचा प्रवासखर्च आणि नोंदी ठेवणाऱ्याचा पगार निघेल. लागेल ती आपली सही, आणि पहिल्या बैठकीत कुठे वाद वाढला तर लगेच बंद करा असा फोन न करण्याचं धैर्य. पहिल्या काही बैठकांत आवाज चढतील, कोणी उठून जाईल. जाऊ द्या. पुढच्या बैठकीची तारीख तेवढी आधीच ठरलेली असू द्या.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते आहे.

आपली नम्र,
बीड जिल्ह्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका