लिथियम मिळतं, लेव्हल कुठे तपासायची?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब,

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर, म्हणजे कधी मन अतोनात चढण्याचा, कधी खोल उदास होण्याचा आजार आहे. मेनिया, म्हणजे तो चढ, आला की तो रात्री दोनला घर रंगवायला काढतो. तेव्हा अख्खी गल्ली मदतीला धावते. उदासी आली की आठ-आठ दिवस गोधडीतून बाहेर येत नाही. ते कुणाला दिसत नाही, म्हणून त्याच दिवसांबद्दल लिहिते आहे.

पहिल्यांदा तो असा पडून राहिला तेव्हा साधं डिप्रेशन समजून नुसती फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांत गडी हवेत. आधी कधी असा चढ आला होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. बायपोलरमध्ये एकटी डिप्रेशनची गोळी मेनिया ओढवू शकते, हे आम्ही असं शिकलो.

या उदासीची औषधं वेगळी आहेत. क्वेटियापिन, लुरासिडोन, किंवा ओलान्झापिनच्या जोडीने फ्लुओक्सेटिन. लॅमोट्रिजिनही आहे, पण त्याचा डोस कित्येक आठवडे हळूहळू चढवतात. घाई केली तर जिवावर बेतणारं पुरळ उठू शकतं. पाचेक दिवसांहून जास्त खंड पडला तर सहसा पुन्हा तळापासून सुरुवात. अशा माणसाला खिडकीवरून सांगतात, "स्टॉक संपलाय, पुढच्या सोमवारी या."

लिथियम हे या आजाराचं औषध तर १९४९ पासूनचं, स्वस्त, आत्महत्येचा धोका कमी करणारं. भावाला ते लागू पडलं. पण त्याच्या रक्तातल्या उपयोगी आणि विषारी पातळीत अंतर थोडं. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं, जुलाब लागले किंवा गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतली, तरी पातळी वाढते. म्हणून रक्त तपासायचं, तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. आमच्या तालुक्यात ही तपासणी होत नाही. पहाटेची एसटी, खासगी लॅब, आईची बुडालेली मजुरी. गेल्या वर्षी दोनदा आम्ही ती टाळलीच.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम १८ सांगतं की सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे कायम मोफत मिळाली पाहिजेत. लिथियम त्या यादीत आहे. मग त्याची तपासणी का नाही? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी सकाळी नमुना घ्या आणि जिल्ह्याला पाठवा. गाडी तशीही जाते. क्वेटियापिन आणि लॅमोट्रिजिनचा तीन महिन्यांचा साठा ठेवा.

पुढची तपासणी आषाढात आहे.

आपली,
एका रुग्णाची बहीण