फोडणीच्या तेलाची नोंद कुठे आहे?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वजन कमी करण्यासंबंधीचा मजकूर नियमितपणे येतो आणि निवृत्तीनंतर मी तो अधिकच बारकाईने वाचू लागलो आहे. त्याच पुरवणीत एका पानावर ‘दहा दिवसांत पाच किलो वजन घटवा’ अशी जाहिरात असते आणि पाठच्या पानावर ‘फोडणीपुरते तेल’ असे माप दिलेली पाककृती असते. या दोन्ही गोष्टींविषयी मला लिहायचे आहे. मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. सहकारी पतसंस्थांचे लेखापरीक्षण करण्यात माझी पस्तीस वर्षे गेली, त्यामुळे जे लिहितो आहे ते हिशेबाच्या अंगानेच लिहीन.

अठ्ठावन्नाव्या वर्षी माझे वजन ८६ किलो झाले होते. उंची १६८ सेंटीमीटर, रक्तातील साखर सीमारेषेवर. डॉक्टरांनी सांगितले की औषध सुरू करण्याआधी वजन उतरवून पाहा, पण घाई करू नका. मी मोबाइलवर कॅलरी मोजण्याचे एक अ‍ॅप घेतले आणि तीन महिने एकही दिवस न चुकवता नोंदी केल्या. माझ्यासारख्या बैठ्या माणसाचा दिवसाचा एकूण खर्च साधारण २१०० कॅलरींचा असतो, आणि माझ्या नोंदींनुसार मी रोज १६५० कॅलरी खात होतो. शरीरातील एक किलो चरबीमागे साधारण ७७०० कॅलरी धरतात (शुद्ध चरबीचे ९००० होतील, पण शरीरातील चरबीत पाणीही असते). म्हणजे रोजची ४५० ची तूट नव्वद दिवस टिकली असती, तर पाच किलोंहून अधिक वजन उतरायला हवे होते. प्रत्यक्षात उतरले ८०० ग्रॅम, म्हणजे खरी तूट दिवसाला जेमतेम ७० कॅलरींची.

‘माझ्या प्रकृतीलाच वजन उतरणे मानवत नाही’ असे म्हणून मी थांबलो असतो, आणि बहुतेक लोक याच टप्प्यावर थांबतात. पण रोजकीर्द एक सांगते आणि तिजोरीतील शिल्लक दुसरेच सांगते, तेव्हा लेखापरीक्षक तिजोरीला दोष देत नाही. तफावत दिवसाला जवळपास ३८० कॅलरींची होती, आणि ती कुठेतरी असणारच होती.

ती तेलाच्या डब्यात सापडली. आमच्या घरी चार माणसे आणि पाच लिटरचा तेलाचा डबा महिनाभर पुरतो. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, म्हणजे डब्यात ४५५० ग्रॅम तेल. चार माणसांत आणि तीस दिवसांत वाटले, तर माणशी रोजचे ३८ ग्रॅम होते. काही तेल तळणीनंतर कढईत उरते, काही तव्याला जाते, काही देवापुढच्या समईत जळते. ती घट धरून मी ३३ ग्रॅम मानले. एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ कॅलरी मिळतात, तेव्हा हे झाले जवळपास ३०० कॅलरी. माझ्या अ‍ॅपमध्ये मात्र तेलाची नोंद होती रोजची १० ग्रॅम, म्हणजे ९० कॅलरी, कारण ‘भाजीत चमचाभर तेल’ असेल असे मी गृहीत धरले होते आणि फोडणीला हात घातलेल्या माणसाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, कधी विचारलेच नव्हते. विचारल्यावर त्या म्हणाल्या की चमचा म्हणजे पळी. चमचा आणि पळी यांतले हे अंतर दिवसाला २१० कॅलरींचे निघाले.

उरलेल्या १७० कॅलरी किरकोळीत होत्या. पतसंस्थांचा अनुभव असा आहे की मोठे कर्जखाते सगळे तपासतात, पण गळती होते ती किरकोळ रोख पुस्तकात. म्हशीच्या दुधाचा आणि दोन चमचे साखरेचा एक कप चहा साधारण शंभर कॅलरींचा होतो. मी दोन कप लिहीत होतो आणि तीन पीत होतो, कारण शेजाऱ्यांकडचा चहा मी ‘घेतला नाही म्हणून वाईट वाटेल’ या सदरात टाकत होतो. नातवाच्या ताटातील उरलेला अर्धा पराठा, पोहे होईपर्यंत तोंडात टाकलेले शेंगदाणे, जेवणानंतरचा गुळाचा खडा, यांपैकी कशालाही व्हाउचर नव्हते.

माझ्यासारख्यांचे हे दुखणे जुने आहे. १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कमी खाऊनही आपले वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या काही जणांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च त्यात समस्थानिकयुक्त पाणी (ज्यातील अणूंचा शरीरात माग काढता येतो असे) पाजून मोजला गेला. त्यांच्या शरीराच्या चयापचयात दोष आढळला नाही. ते प्रत्यक्षात खात होते त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणे सांगत होते आणि शारीरिक हालचाल ५१ टक्के जास्त सांगत होते. ही माणसे खोटे बोलत होती असे मला वाटत नाही. स्मरणावर लिहिलेली कीर्द अशीच असते.

आता मूळ मुद्दा. वजन सावकाश उतरवायचे असेल तर मोजमाप ढिले चालेल, असा एक समज आहे, आणि माझा अनुभव नेमका उलट आहे. हिशेब दुरुस्त केल्यानंतरच्या चौदा महिन्यांत माझे वजन नऊ किलोंनी उतरले. नऊ किलोंच्या ६९,३०० कॅलरी ४२५ दिवसांत विभागल्या, तर रोजची सरासरी तूट १६३ कॅलरींची येते. मूठभर शेंगदाणे जवळपास तेवढ्याच कॅलरींचे होतात, आणि अठरा ग्रॅम तेलही. ज्याची रोजची तूट १६३ आहे, त्याच्या नोंदीत २०० चा फरक राहिला, तर वर्षअखेरीस वजन उतरण्याऐवजी वाढलेले दिसेल आणि त्याला त्याचे कारणही कळणार नाही. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवणाऱ्याला ढोबळ हिशेब परवडतो, कारण त्याची तूटच मोठी असते. मात्र त्याची किंमत तो स्नायू गमावून मोजतो, आणि फार वेगाने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग सांगितला आहे आणि दिवसाचा आहार १००० कॅलरींच्या खाली नेऊ नये असेही म्हटले आहे. माझा वेग त्या अर्ध्या किलोच्या निम्म्याहूनही कमी राहिला. त्याबद्दल मला खंत नाही, कारण या काळात घरातला एकही सण मी कोरडा काढला नाही.

मोजण्याची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुरवणीत ती कधीच येत नाही. काही शे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आमच्या घरातल्या तीन ‘वाट्या’ मी पाणी भरून मोजल्या, तेव्हा एकीत १२० मिलिलिटर, दुसरीत १५० आणि तिसरीत २०० मिलिलिटर पाणी मावले. त्यामुळे अ‍ॅपमधील ‘एक वाटी पोहे’ या नोंदीला काहीच अर्थ उरला नाही. त्यानंतर आम्ही कच्चा माल तोलू लागलो. चौघांच्या पोह्यांसाठी २५० ग्रॅम पोहे, ४० ग्रॅम तेल, ४० ग्रॅम शेंगदाणे, २०० ग्रॅम कांदा, एक बटाटा आणि २० ग्रॅम ओले खोबरे, असे मिळून साधारण १६८० कॅलरी होतात. कढईचे रिकामे वजन आधीच कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहे. शिजल्यावर कढईसकट तोलून ते वजा केले, तर पोहे भरतात ८४० ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमला २०० कॅलरी, आणि माझ्या बशीतील २१० ग्रॅमला ४२०. ही आकडेमोड पहिल्यांदा दहा मिनिटे घेते. पुढच्या वेळी प्रमाण तेच असेल, तर फक्त बशी तोलावी लागते. भातासाठी कच्चे तांदूळ तोलावेत, कारण शिजल्यावर तांदळाचे वजन तिपटीच्या आसपास जाते आणि कच्च्या तांदळाच्या कॅलरी शिजलेल्या भाताला लावल्या, तर हिशेब भलतीकडे जातो. कच्च्या मालाचे आकडे हवे असतील, तर पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटक कोष्टके आहेत. त्यांत ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण दिलेले आहे. कुणीही भरलेल्या अ‍ॅपमधील नोंदींपेक्षा मी त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

उपवासाचा हिशेब मात्र मनाला लागला. शंभर ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि पंधरा ग्रॅम तूप, एवढ्या खिचडीच्या सुमारे ६५० कॅलरी होतात, आणि एकादशीला मी ती दोनदा खात असे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी असे. तिने काटा कधी पाहिला नव्हता.

वजनाचा काटाही रोज खरे बोलत नाही. गौरीच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी माझे वजन १.४ किलोंनी वाढलेले दिसले. ती सगळी चरबी असती, तर खर्चापेक्षा दहा हजारांहून अधिक कॅलरी एका दिवसात पोटात जायला हव्या होत्या, आणि एवढ्या पुरणपोळ्या मी खाल्ल्या नव्हत्या. मिठामुळे शरीरात पाणी साठते, आणि पिष्टमय पदार्थांपासून शरीर जे ग्लायकोजन साठवते त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते. तीन-चार दिवसांत वजन जागेवर आले. म्हणून मी रोज सकाळी वजन करतो, आठवड्याची सरासरी काढतो आणि दर चार आठवड्यांनी ती नोंदींशी ताडून पाहतो. बँकेचे विवरणपत्र आणि आपले रोख पुस्तक यांची जुळवणी करतात, तसेच हे आहे. फरक सातत्याने एकाच दिशेने येत असेल, तर नोंदीत कुठेतरी गळती आहे किंवा वजन उतरल्याने शरीराचा खर्चच कमी झाला आहे. वजन कमी झाले की खर्च घटतो, आणि म्हणून सुरुवातीचा वेग पुढे टिकत नाही.

याच जुळवणीने त्या जाहिरातीचाही निकाल लागतो. पाच किलो चरबीच्या ३८,५०० कॅलरी होतात. दहा दिवसांत त्या संपवायच्या, तर रोज ३८५० ची तूट हवी. माझ्यासारखा माणूस दहा दिवस पाण्यावर राहिला, तरी त्याची तूट २१०० च्या पुढे जात नाही. म्हणजे जे उतरते त्यात मुख्यतः पाणी असते, आणि ते अकराव्या दिवशी परत येऊ लागते. शिवाय औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात करण्यास तो मनाई करतो, त्यांच्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश आहे. आपल्या जाहिरात विभागाने ती अनुसूची एकदा वाचावी, अशी माझी विनंती आहे.

घरात तराजू आणण्याला विरोध होतो, हेही सांगायला हवे. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात कुणी भाकरी तोलू लागले की वाढणाऱ्या बाईला तो आपल्यावरचा अविश्वास वाटतो. आमच्याकडे पहिला आठवडा या अबोल्यात गेला, आणि तो मिटला तो मी स्वतः फोडणी द्यायला शिकलो तेव्हा. वाढत्या वयाच्या मुलामुलींनी, गर्भवतींनी आणि खाण्याविषयी आधीच मनात धास्ती असलेल्यांनी या आकड्यांच्या नादी लागू नये. मधुमेहाचे इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार कमी करू नये, कारण साखर अचानक खाली जाऊ शकते. बाकीच्यांनीही जन्मभर तोलत बसावे असे मी म्हणत नाही. वर्षभरानंतर माझी नजर बरीच तयार झाली. आता मी फक्त तेल, तूप, दाणे आणि भात तोलतो. पालेभाजी, काकडी, ताक यांच्या वाट्याला जात नाही.

दोनदा जेवावे की दर दोन तासांनी खावे, या वादात महाराष्ट्राने बरीच वर्षे घालवली. दोन्ही पक्षांकडून खाण्याच्या वेळांचे वेळापत्रक मिळाले, पण पळीभर तेलाचे ग्रॅम मात्र कुणी सांगितले नाहीत. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थाच्या कॅलरी दाखवणे २०२२ पासून बंधनकारक झाले आहे. कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याला तो नियम लागू नाही, आणि त्याच्याकडून मी तशी अपेक्षाही करत नाही. तिथे मी अंदाज चढा लिहितो. आपल्या पुरवणीकडून मात्र अपेक्षा आहे. पाककृतीत प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये द्यावा, तयार पदार्थाचे एकूण वजन द्यावे आणि तो किती जणांसाठी आहे ते लिहावे. ‘फोडणीपुरते’, ‘आवडीनुसार’, ‘अंदाजे’ हे शब्द मिठापुरते ठेवावेत, तेलासाठी वापरू नयेत. गेल्या रविवारच्या भरल्या वांग्यांच्या कृतीत दाण्याचे कूट ‘दोन मुठी’ आणि तेल ‘वर तवंग येईल इतके’ असे दिले होते. आमच्याकडे ती भाजी करून पाहिली. तवंग यायला ९० ग्रॅम तेल लागले आणि भाजी चौघांत संपली. ती उत्तम झाली होती. पण पुढच्या अंकात तिची कृती सुधारून छापाल, तर माझ्या वहीत तिची नोंद करता येईल.

आपला नियमित वाचक,
निवृत्त लेखापरीक्षक, मिरज