आण्णांबद्दल बोलताना

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्षश्राद्धाला आण्णा आजोबांबद्दल घरातून एकानंच बोलायचं आणि ते तू, असं आजीनं ठरवून टाकलंय. तू फोनवर म्हणालीस, "सगळे बोलतात तेच बोलू का?" तेच तर नको आहे. दशक्रियेला रामकुंडावर सात जण बोलले आणि सातही जणांनी मनमिळाऊ, निगर्वी, अजातशत्रू हेच सांगितलं. एकानं तर भरात शेजारी चाललेल्या दुसऱ्याच विधीतल्या माणसाचं नाव घेतलं, तरी दोन-तीन वाक्यं कुणाच्या लक्षात आलं नाही. कसं येणार? विशेषणं दोघांनाही सारखीच बसत होती.

शिवाय आण्णा अजातशत्रू मुळीच नव्हते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी त्यांचं वीस वर्षं युद्ध चालू होतं, आणि दुकान बंद करून दहाव्याला आलेला तोच एक होता. हे सांग. लिहिताना विशेषण सुचलं की त्यावर काट मार आणि त्याच्या जागी एखादी वस्तू, एखादा आकडा किंवा आण्णांचं एखादं वाक्य बसव. "काटकसरी" लिहू नकोस, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची शिवलेली वही दाखव.

आता मापाचं. निवांत बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. तुला पाच मिनिटं आहेत, पण लिहायचे चारशेच शब्द. हशा आणि आवंढा मिळून मिनिटभर खातातच. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे सगळं चार ओळींत उरक, समोर बसलेल्यांना ते पाठ आहे. नोटांच्या प्रेसमध्ये दिवसभर राशी बघून आलेला माणूस संध्याकाळी कोथिंबिरीच्या दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो, हा विनोद नाशिकरोडच्या निम्म्या घरांत झालेला आहे. तो घ्यायचाच तर एका वाक्यात, आणि त्यावर हसण्यासाठी थांबू नकोस.

सुरुवात स्कूटरपासून कर. मात्र "आण्णांचं स्कूटरवर फार प्रेम होतं" असं म्हटलंस की संपलं. ती कशी चालायची ते सांग. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं, लिटरला वीस मिली. आण्णा तीस घालायचे. "म्हातारीला जरा तूप जास्त लागतं," हे त्यांचं शास्त्र. त्या जास्तीच्या तुपानं प्लगवर काजळी धरायची आणि गाडी नेमकी द्वारकेच्या चौकात बंद पडायची. मग आधी पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर. मग गाडी इंजिनाच्या बाजूला झुकवून दहापर्यंत मोजायचं. मग किका, त्याही तीनच, चौथी मारली की इंजिनाचा अपमान होतो म्हणे. तरी नाही झाली तर डिकीतून पाना काढायचा, प्लग उघडायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, फुंकर मारायची. हे सगळं चाललेलं असताना मागच्या सीटवरून उतरलेली आजी, हातात वाटाण्याची पिशवी घेऊन, ओळखीचं कुणी दिसेल म्हणून पाठ करून उभी. तिची ती पाठ विसरू नकोस. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी तिला तशी पाहिलेली आहे, तिथेच पहिला हशा येईल. हसणं पूर्ण ओसरल्यावरच पुढचं वाक्य घे, नाहीतर ते वाक्य वाया जातं.

स्कूटर कधी आली ते कुणाला विचारू नकोस. काका म्हणतील त्यांच्या मुंजीच्या वर्षी, आत्या म्हणेल तिच्या दहावीला, आणि दोघं तिथेच भांडत बसतील. आरसी बुकावर तारीख आहे, ती घे. आठवणी तिघांकडून घ्याव्यात, तारखा कागदावरून.

पुराचं एखादं तरी यायला हवं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आण्णा रेनकोट चढवून गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर. नदीतला दुतोंड्या मारुती ही गावाची पूर मोजायची पट्टी. त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं की पहिला फोन पुण्याला आत्याला, कमरेला लागलं की जळगावला, छातीला लागलं की गावातल्याच लोकांना, जे स्वतः खिडकीतून तेच पाणी बघत असायचे. क्युसेकचा आकडा ते असा सांगायचे की दरवाजे यांनीच उघडले असावेत. 2019 च्या पुरात मारुती दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आता मोजायला काही उरलं नाही." हे वाक्य त्यांच्याच आवाजात म्हण. पण नक्कल या एकाच वाक्यापुरती. सगळं भाषण त्यांच्या आवाजात केलंस तर लोक आण्णांना विसरून तुझ्या कलेकडे बघतील.

कशावर हसायचं नाही, तेही सांगते. ज्या खोडीवर ते स्वतः लग्नाच्या मांडवात टाळी घेत, तीच घ्यायची. कानाच्या मशीनवर नको, ते त्यांना लागायचं. कुणाला उसने दिलेल्या पैशांचा विषयही नको, घेणारे समोर जेवायला बसणार आहेत. आणि काकांच्या दहावीच्या निकालाचा किस्सा कितीही चांगला असला तरी त्यात हसणं आण्णांवर येत नाही, काकांवर येतं. त्यांची सूनबाई पहिल्यांदाच सगळ्या नातेवाइकांत येतेय. लिहून झालं की आजीला एकदा वाचून दाखव. ती जिथे "हं" म्हणेल ते ठेव, जिथे गप्प बसेल ते काढ.

कावळ्याचं मात्र सांगच. पिंड ठेवून अर्धा तास झाला तरी एकही शिवेना. आत्यानं नातवंडांची काळजी घेऊ म्हणून सांगितलं, काहीच नाही. आजीला सांभाळू, तरीही नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते. तेवढ्यात काका कंटाळून म्हणाले, "बरं बाबा, स्कूटर विकत नाही!" आणि झाडावरून उतरला की एक. गुरुजीसुद्धा उपरणं तोंडाला लावून हसले. यावर तुझ्याकडून काहीही जोडू नकोस, श्रद्धा की योगायोग ते तर नाहीच. तीन श्वास थांब आणि पुढे जा. विनोद आण्णांच्या हट्टाचा आहे, विधीचा नाही, हे सुरातून कळलं पाहिजे.

रडू येणार, ते गृहीत धर. बहुतेकांचा गळा "आण्णा, तुम्ही..." असं थेट बोलायला लागलं की दाटतो, म्हणून ते वाक्यच लिहू नकोस. त्यातूनही दाटलाच तर समोरच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघ, पाण्याचा एक घोट घे. माफी मागू नकोस. "सॉरी" म्हटलं की सगळा हॉल तुला सावरायला लागतो आणि भाषण बाजूला राहतं. मोबाइलवरून वाचायचं नाही. स्क्रीन मिटते, वर फोन येतात. मोठ्या अक्षरात, ओळीत अंतर सोडून छापून आण, पानांना आकडे टाक, टाचणी लावू नकोस, माइकजवळ पान उलटलं की फार खरखर होते. माइक तोंडापासून वीतभर लांब. बोलणं बाराला सुरू करून पानं वाढायच्या आत संपव. भाजणीच्या वड्यांचा वास सुटल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि आण्णांनी तर अशा वेळी वक्त्याला घड्याळ दाखवलं असतं.

शेवट लिहायचा नाही, वाचायचा. त्यांची हिशोबाची वही आणायची. पेट्रोल, ऑईल, दूध, इस्त्री, देवळातल्या पेटीत टाकलेले दोन रुपयेसुद्धा त्यात वेगळे मांडलेले आहेत. ताळा जमला नाही तर "गहाळ" असा रकाना आहे, तोही सहीनिशी. पन्नास पैशांचाही खुलासा देणाऱ्या या माणसाच्या वहीत दर शनिवारी एकच रक्कम खुलाशाशिवाय आहे. शनिवारी तुम्ही पोरं आण्णांकडे राहायला असायचात. मे महिन्यात ती वाढते, तुमच्या परीक्षेच्या महिन्यात ती नाहीच. एका पानावरचं इथे उतरवून देते:

कोथिंबीर 2 जुड्या – 15 (आधी 10 म्हणाला होता)
स्कूटर, प्लग साफ – घरीच
दाढीचे ब्लेड – 10
गहाळ – 3
किरकोळ – 120

एवढंच वाच आणि खाली बस. कुल्फीचं नाव काढू नकोस, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. वही देवघराखालच्या खणात, आरसी बुकाच्या खाली ठेवली आहे. मूळ वहीच हातात घे, फोटो नको. आणि चष्मा लावून उभी राहा, शनिवारचं अक्षर जरा घाईत काढलेलं आहे.

तुझी,
आई